वाड्यातलं कपाट आणि बाणेरचा फ्लॅट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बाणेरला टू बीएचकेचा ताबा दिवाळीच्या सुमारास मिळणार. वाईचा आजोळचा वाडा विकायला काढलाय आणि वाटणीत एक सागवानी कपाट, मच्छरदाणीच्या खांबांचा पलंग आणि वेताची आरामखुर्ची तुमच्याकडे येऊ शकते. नवऱ्याला सगळं नवं मॉड्युलर हवंय. तुम्ही स्वतः मुंबईत चोर बाजारात एक ‘दीडशे वर्षं जुनं’ कन्सोल टेबल (भिंतीशी ठेवायचं अरुंद टेबल) बघून आलात आणि ते मनात बसलंय. अमेरिकेतली बहीण म्हणते, आरामखुर्ची मला द्या. तर जुनं घ्यावं की नवं, आणि जुनं घेतलं तर घराचं म्युझियम होईल का?

मी जुन्या फर्निचरची दुरुस्ती करतो आणि नवंही बनवतो. दोन्हीकडून माझी भाकरी निघते, तेव्हा कुणा एकाची बाजू घ्यायचं मला कारण नाही.

जुनं की नवं, असं अख्ख्या घराबद्दल विचारलं की उत्तर मिळत नाही. वस्तूगणिक विचारावं लागतं. माझा साधा हिशोब असा : जे भिंतीला चिकटून राहणार, ज्याला पाणी लागणार किंवा ज्यावर अंग टाकायचं, ते नवं घ्या. जे आपल्या चार पायांवर सुटं उभं राहतं, ते जुनं घ्यायला हरकत नाही. बऱ्याचदा त्याच पैशात जुनं सरस मिळतं. म्हणजे ओटा, ट्रॉल्या, कपड्यांचे वॉर्डरोब, गाद्या आणि रोजचा सोफा नवा. कपाट, टेबल, खुर्च्या, पेट्या, मांडणी, आरसा, झोपाळा जुना चालेल. याला अपवाद आहेत. तुम्ही भाड्याच्या घरात असता किंवा दर तीन वर्षांनी बदली होणारी नोकरी असती, तर मी भिंतीला काहीच चिकटवू नका म्हटलं असतं.

वॉर्डरोब नवा का, ते सांगतो. शर्ट हँगरला लावून टांगायचा तर कपाट आतून बावीस इंच तरी खोल लागतं. जुनी कपाटं घडी घालून ठेवायच्या कपड्यांसाठी केलेली असायची, त्यामुळे ती सोळा-अठरा इंचांची असतात. त्यांत दांडी बसवली की हँगर तिरके होतात आणि दार लागत नाही. मग कुणीतरी सुचवतं की मागची पाठ काढून कपाट खोल करून घ्या. तसं करू नका. साड्या, चादरी, पांघरुणं, पुस्तकं यांच्यासाठी ती अठरा इंचांची खोली अगदी पुरेशी आहे. वस्तूला तिचं काम द्यायचं.

आता त्या कन्सोल टेबलाकडे वळू. बाजारात चार वेगवेगळ्या गोष्टी ‘अँटिक’ याच नावाने विकल्या जातात. शंभर वर्षांच्या पुढची वस्तू खरी अँटिक. त्या अलीकडची, साधारण आजोबा-आजींच्या संसारातली, ती व्हिंटेज. तिसरा प्रकार जुन्या लाकडाचं नवं फर्निचर : वाडे पडतात तेव्हा तुळया, खांब, चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे जातात आणि त्यातून आजचा सुतार टेबल करतो. चौथा प्रकार म्हणजे जोधपूरकडे शिसम, आंबा किंवा बाभळीच्या जातीच्या लाकडात आत्ताच बनवलेलं आणि घासून, ठोकून जुनं दिसेल असं केलेलं. या चारातला कुठलाच वाईट म्हणता येणार नाही. तिसरा प्रकार तर मला फार आवडतो, कारण ते लाकूड कित्येक पावसाळे-उन्हाळे खाऊन शांत झालेलं असतं. मात्र चौथ्याला पहिल्याचा भाव देऊ नये, इतकंच.

ओळखायचं कसं? समोरून बघू नका, समोरची बाजू दाखवण्यासाठीच असते. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. हाताने केलेल्या ड्रॉवरच्या कोपऱ्यातले डव्हटेल सांधे, म्हणजे दात एकमेकांत अडकवून केलेले, एकसारखे नसतात. एखादा दात जाड, एखादा बारीक, आणि सुताराने खुणेसाठी मारलेली बारीक रेघ अजून दिसते. तळाच्या फळीवरून बोट आडवं फिरवा. रंध्याने तासलेली फळी हाताला किंचित लाटालाटांची लागते, मशीनची सपाट लागते. ड्रॉवर ज्या पट्टीवर सरकतो ती पट्टी झिजलेली हवी, कारण तिथे रोज घासलं गेलंय. खुर्चीची झीज पुढच्या आडव्या दांडीवर हवी, जिथे पाय टेकतात. ज्या ‘दीडशे वर्षं जुन्या’ टेबलाच्या चारही कडा, आतल्या-बाहेरच्या, सारख्याच गुळगुळीत झिजलेल्या आहेत, ते टेबल काचकागदाने जुनं केलंय.

स्क्रू बघा. डोक्यावर अधिकच्या खुणेची (+) खाच असलेला फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकातला आहे. तो दिसला म्हणून वस्तू खोटी ठरत नाही, मधे दुरुस्ती झालेली असू शकते. पण सगळेच स्क्रू तसले असतील आणि लाकडात त्यांच्याशिवाय दुसरी जुनी भोकंच नसतील, तर दीडशे वर्षांची गोष्ट विसरा. पाठीला प्लायवूड असेल तरी तेच. आणि गोल टेबल असेल तर माझी आवडती तपासणी : टेप घेऊन वरच्या फळीचा व्यास आधी रेषांच्या दिशेने मोजा, मग आडवा. लाकूड लांबीला जवळपास आकसत नाही, रुंदीला आकसतं. त्यामुळे खरं जुनं गोल टेबल आता पूर्ण गोल राहिलेलं नसतं, दोन मापांत थोडा फरक निघतो. दुकानदारासमोर हे माप घेतलं की पुष्कळदा भाव आपोआप खाली येतो.

चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर असो, जोगेश्वरीच्या ओशिवरा मार्केटमध्ये असो की पुण्याच्या जुन्या बाजारात, वयाची गोष्ट ऐकून घ्या, पण पैसे लाकडाचे, सांध्यांचे आणि कारागिरीचे द्या. सागवान घनफुटावर विकलं जातं. सहा फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट. या हिशोबाने कुठल्याही टेबलात साधारण किती लाकूड आहे ते दुकानात उभ्या उभ्या काढता येतं, आणि भवानी पेठेत टिंबर मार्केटला त्या दिवशीचा भाव विचारता येतो. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. आता नवीन ‘बर्मा टीक’ म्हणून जे दाखवतात त्याबद्दल म्हणूनच दोन प्रश्न जास्त विचारावेत. आफ्रिकेतून आणि दक्षिण अमेरिकेतून लागवडीचं सागवानही येतं. ते लवकर वाढवलेलं असतं, त्यात गाभ्याबाहेरचं पांढरं, कच्चं लाकूड जास्त असतं. आपल्याकडचं बल्लारपूर-आलापल्लीचं सागवान मिळालं तर उत्तमच. जुन्या वस्तूत मात्र हे लाकूड तुम्हाला आधीच मिळालेलं असतं, आणि वाईच्या कपाटाबद्दल माझं मत अनुकूल असण्याचं मुख्य कारण हेच.

ते कपाट घ्याच. पण टेम्पो सांगायच्या आधी तिथे जाऊन तीन गोष्टी बघा. पहिली, कीड. कपाटाच्या मागे आणि खाली टॉर्च मारा. टाचणीएवढी भोकं जुनी असू शकतात, त्यांना घाबरायचं कारण नाही; भोकाखाली फिकट, मैद्यासारखा ताजा भुसा पडलेला असेल तर आत किडा जिवंत आहे. सागवानाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला लागते. शिवाय जुन्या सुतारांनी दर्शनी भाग सागाचा आणि पाठ-तळ हलक्या लाकडाचा करणं अगदी नेहमीचं होतं. तेव्हा पाठ खराब असली तरी कपाट टाकाऊ ठरत नाही, पाठ बदलता येते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, पोकळ आवाज आला तिथे खूण करा. खालचे पाय ओल धरतात, ते आधी बघा. दुसरी गोष्ट, दारं. दोन्ही दारं एका पातळीत लागत नसतील तर आधी जमीन बघा. वाड्याच्या शेणाच्या किंवा शहाबादी जमिनीवर कपाट तिरकं उभं असतं आणि दोष बिजागरीला दिला जातो. एका पायाखाली पुठ्ठा घालून बघा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

तिसरी गोष्ट रंग. पुष्कळ घरांत मधल्या काळात सागवानावर ऑइलपेंट मारला गेला. तुमचंही तसं असेल तर खरवडायला घरी कुणाला बसवू नका, विशेषतः लहान मूल असेल तर. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ मध्ये लागू झाला. त्यामुळे कोरडा काचकागद मारून धूळ उडवायची नाही. पेंट रिमूव्हर लावून, ओलं असतानाच, वर्कशॉपमध्ये काढायचं. कॉस्टिक सोड्याने झटपट निघतो, असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. साग काळवंडतो आणि सांध्यात शिरलेला सोडा पुढे पॉलिश टिकू देत नाही.

पलंगाचं जरा अवघड आहे. जुने पलंग आतून सहा फुटांचे, रुंदीला साडेचार-पाच फूट असतात. आजच्या तयार गाद्या पंचाहत्तर किंवा अठ्ठ्याहत्तर इंच लांब. म्हणजे तयार गादी बसणार नाही. दुसरं म्हणजे उंची. ते पलंग तीन-चार इंचांच्या कापसाच्या गादीसाठी उंच केलेले होते. त्यावर आठ इंचांची स्प्रिंगची गादी टाकली की झोपायला चढावं लागतं, आणि सासूबाई-सासरे येऊन राहणार असतील तर रात्री उतरताना धोका. मार्ग दोन आहेत. मापाची गादी गादीवाल्याकडून करून घ्यायची आणि पलंग पाहुण्यांच्या खोलीत ठेवायचा. किंवा डोक्याकडची आणि पायाकडची बाजू तशीच ठेवून बाजूच्या दोन लांब पट्ट्या नव्या, सात इंच जास्त लांबीच्या करायच्या आणि जुन्या पट्ट्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायच्या. खांब कापून उंची कमी करायची सूचना हमखास येईल. कापलेला खांब परत जोडला तरी तो कापलेलाच दिसतो, आणि पलंगाची सगळी किंमत त्या खांबांच्या खरादकामात आहे.

आरामखुर्ची. वेत सैल पडला असेल तर लगेच विणायला देऊ नका. खुर्ची उलटी करा आणि खालच्या बाजूने ओलं फडकं नीट फिरवा. वरची बाजू वेताची साल असते, चकचकीत, ती पाणी पीत नाही; खालची पिते. रात्रभर सावलीत वाळू द्या, सकाळी विणकाम बरंच ताणलेलं असेल. दोऱ्या तुटल्या असतील तरच नवीन वीण. हे काम करणारे अंध कारागीर आपल्याकडे आहेत आणि त्यांची वीण मला नेहमी जास्त एकसारखी वाटली आहे. वेताच्या जागी प्लास्टिकची तार घालू देऊ नका. ती तुटत नाही हे खरं, पण उन्हाळ्यात पाठीला चिकटते.

बहिणीबद्दल : खुर्ची शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यामुळे ती देशाबाहेर नेता येत नाही. त्यापेक्षा अलीकडची असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुराणवस्तू नसल्याचा दाखला घेऊन पाठवतात. पण लाकूड शिसवी असेल तर आणखी एक कागद लागू शकतो, कारण शिसवीची सगळी जात २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे. बोटीचं भाडं आणि तिकडच्या कोरड्या हिटरच्या हवेत लाकूड उलण्याची शक्यता, हे सगळं धरलं तर मी म्हणेन की खुर्ची इथेच राहू द्या आणि बहीण आली की तिने त्यात बसावं.

पॉलिश करताना एकच काळजी. या तिन्ही वस्तूंवर बहुधा फ्रेंच पॉलिश असेल, म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलीत कापूस बांधलेल्या पुरचुंडीने एकावर एक हात मारलेलं. कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा लावून बघा. चिकट झालं तर फ्रेंच पॉलिशच. त्यावर पुन्हा फ्रेंच पॉलिशच करा. पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) जास्त टिकतं, पण त्याला ओरखडा गेला तर तेवढाच भाग दुरुस्त करता येत नाही, आणि लाकडावर काच बसवल्यासारखं दिसतं. डायनिंग टेबल मात्र अपवाद. गरम पातेलं ठेवलं की फ्रेंच पॉलिशवर पांढरं कडं उमटतं. तिथे मेलामाईन किंवा पीयूच बरं.

हे काम पावसाळ्यात काढू नका. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत ओल असते, स्पिरिट पॉलिशवर दुधट झाक येते. याच दिवसांत ड्रॉवर अडकले म्हणून लोक सुताराला बोलावून रंधा मारून घेतात आणि मार्चमध्ये ड्रॉवर खुळखुळायला लागतात. पावसात अडकलेला ड्रॉवर तसाच राहू द्यावा, कडेला मेणबत्ती घासावी, दसऱ्यानंतर बघावं. ताबा दिवाळीत असेल तर तुमचा मुहूर्त आपोआप जमून आलाय.

ढेकूण. हे कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. जुना सोफा किंवा गादी कितीही सुंदर असली तरी आहे तशी घरात आणू नका. सोफ्याचा लाकडी सांगाडा घ्या. कापड, काथ्या, फोम सगळं बाहेर काढून टाकून नवं भरून घ्या. पलंग आणि वेताची खुर्ची आधी वर्कशॉपला, मग घरात. सांध्यांच्या फटीत काळे ठिपके दिसले तर पेस्ट कंट्रोल करूनच लिफ्टमध्ये चढवा.

नवऱ्याच्या बाजूचंही सांगतो, त्यांचा मुद्दा चुकीचा नाही. ओटा आणि वॉर्डरोब मॉड्युलरच करा, फक्त आत काय आहे ते विचारा. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेली फळी, दिसायला प्लायवूडसारखाच सनमायका पांघरून येतो. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसतात, खालची कड रोज थोडं पाणी पिते आणि दोनेक पावसाळ्यांत फुगून फुटते. एकदा काढलेला स्क्रू त्यात परत घट्ट बसत नाही, त्यामुळे घर बदलताना ते फर्निचर सोडवलं की संपलं. ओट्याखाली आयएस ७१० चा (मरीन प्लायचा) शिक्का असलेलं प्लाय, बाकी ठिकाणी आयएस ३०३ मधलं बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारं प्लाय, आणि सगळं जमिनीपासून चार इंच वर, पायांवर. शिक्का पूर्ण शीटवर असतो, तेव्हा माल कापायच्या आधी साईटवर जाऊन बघा. कापल्यावर सगळं प्लाय सारखंच दिसतं. बजेट कमी पडलं तर मॉड्युलरचे शटर साधे घ्या, प्लाय हलकं घेऊ नका.

डायनिंगच्या खुर्च्या जुन्या बघा, असं सुचवेन. इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांचं मूळ व्हिएन्नाच्या थोनेट या फर्निचर कंपनीकडे जातं. त्यांची १४ नंबरची खुर्ची १८५९ ची. सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट, बस. इकडे बाजारात नकला पुष्कळ आहेत, मूळ असेल तर सीटच्या कड्याच्या आत शिक्का किंवा कागदाचा तुकडा सापडतो. नक्कल असली तरी हलकी, जागा न खाणारी, आणि ढिली झाली की स्क्रू आवळून परत घट्ट. आणि वाड्यात लोखंडी गोदरेज कपाट पडून असेल तर तेही कुणाला भंगारात देऊ देऊ नका. गोदरेजने ही कपाटं १९२३ पासून केली. गंज घासून पावडर कोटिंग केलं की लहान मुलाच्या खोलीत पिवळं किंवा निळं फार छान दिसतं, आणि त्याला वाळवी लागत नाही.

म्युझियमची भीती बाळगू नका. एका खोलीत एक मोठी जुनी वस्तू, तिच्याभोवती मोकळी भिंत, बाकी साधं. तीन जुन्या वस्तू तीन खोल्यांत गेल्या की संपला विषय. त्या कन्सोल टेबलाला मात्र आत्ता जागा नाही. ताबा घेऊन महिना-दोन महिने राहा, मग हॉलमध्ये कुठली भिंत रिकामी वाटते ते कळेल. तेवढ्यात ते टेबल विकलं गेलं तर जाऊ द्या, तसली टेबलं जोधपूरहून दर महिन्याला येतात.

वाईहून आणताना छोटा हत्ती पुरेल, पण आधी बाणेरच्या लिफ्टचं दार, आतली उंची आणि पॅसेजचं वळण मोजा. जुनी कपाटं बहुधा सुटी होतात : वरची कॉर्निस, म्हणजे माथ्याची पट्टी, उचलून निघते, दारं बिजागरीतून काढता येतात, कधी कधी पूर्ण सांगाडाच मेखा काढून वेगळा होतो. सोडवायच्या आधी प्रत्येक सांध्याचा फोटो काढा आणि दोन्ही तुकड्यांवर आतून खडूने एकच आकडा लिहा. पॉलिशवर थेट काथ्या आवळू नका, मधे गोधडी घाला.

कपाट घ्यायला माझी हो आहे, आरामखुर्चीलाही. पलंगाचं मात्र माप पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. आतली लांबी-रुंदी, जमिनीपासून फळ्यांपर्यंतची उंची आणि खांब जिथे बाजूच्या पट्टीला मिळतो तिथला जवळून काढलेला फोटो, एवढं टाका. सांधा कसा आहे ते दिसलं की पट्टी लांबवता येईल का, ते नक्की सांगतो.